भायर या

लातूर-नांदेडकडच्या, साधारण माझ्या वयाच्या कुणाच्याही फोनमध्ये ते चित्र सापडतं. पन्नाशी उलटलेली एक बाई गल्लीत उभी आहे. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. पदर खांद्यावरून घसरलेला, केस सुटलेले, एक हात वर, मान वर, तोंड उघडं. खाली ठळक पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द: भायर या. निकाल लागला, पाठवा. परीक्षा पुढे ढकलली, पाठवा. एखाद्या मित्राचं लग्न ठरलं तरी हेच पाठवतात आणि त्याला काय ते कळतं. आता तर त्याचं स्टिकर झालंय. ते पहिल्यांदा कुणी केलं हे कुणालाच माहीत नाही. मीमला आईबाप नसतात, असं आम्ही तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणायचो.

ते मी केलं. आज हे लिहिताना त्यात फुशारकी नाही, आणि लिहून मन हलकं होईल अशी आशाही नाही.

माझे वडील जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर होते. दहावीला मला चांगले मार्क पडले आणि आमच्याकडे चांगले मार्क पडलेल्या पोरांचं जे होतं ते माझं झालं. एका ट्रंकेत कपडे, एका पोत्यात ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी, आणि थेट लातूर. ट्यूशन एरियात. त्या भागात घरं कमी आणि फ्लेक्स जास्त. प्रत्येक फ्लेक्सवर मागच्या वर्षी मेडिकलला लागलेल्या पोरांचे मुंडकेवजा फोटो, प्रत्येकाखाली मार्क. अकरावीत पाऊल टाकलं त्या दिवसापासून आपलं मुंडकं तिथं बसणार की नाही, एवढीच एक चिंता.

आमच्या खोल्यांच्या मालकीण काकू तिथल्याच एका गल्लीत राहायच्या. नवरा सरकारी नोकरीत होता, तो वारलेला. मुलगा शिकून पुण्याला कंपनीत लागलेला. काकूंनी नवऱ्यामागे मिळालेल्या पैशातून स्लॅबच्या चार खोल्या बांधल्या, चारही वरच्या मजल्यावर, खाली नुसते खांब. त्यात आम्ही सात मुली. काकू स्वतः मात्र अंगणात पत्र्याच्या खोलीत राहायच्या. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की आत पापड भाजावा. आम्ही म्हणायचो, मालकीण पत्र्यात आणि भाडेकरू स्लॅबात, असं घर अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल.

त्यांची आणखी एक गंमत होती. दाराशी एका स्टुलावर तांब्या उपडा घातलेला, तांब्यावर पेला उपडा, आणि पेल्यावर एक वाटी. तो मनोरा त्या कधी मोडायच्या नाहीत. रोज सकाळी तो पुसून पुन्हा तसाच रचायच्या. गल्लीतून खडीचा टिप्पर गेला की वाटी खणखणत खाली यायची, आणि काकू हातातलं टाकून गल्लीत धावायच्या. तिथून आम्हाला हाका. "भायर या गं पोरींनो, समद्या भायर या." आम्ही अभ्यासातून उठून, चरफडत, जिना उतरायचो. काकू बोटांनी आम्हाला मोजायच्या. सात भरल्या की म्हणायच्या, "जा आता, वाचा." बस. खुलासा काही नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपाचं मला माहीत नव्हतं असं नाही. लातूर जिल्ह्यातल्या पोराला ते माहीत नसेल तर तो कुठला लातूरचा? पण माझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला. माझ्यासाठी भूकंप म्हणजे शाळेतला निबंध, आणि भूकंपग्रस्त म्हणजे अर्जातला एक रकाना. दाखला असेल तर नोकरीत फायदा, नसेल तर फुली मारायची. काकूंकडे तो दाखला आहे हे मला ठाऊक होतं, कारण त्यांच्या मुलाला त्यावरच पहिली नोकरी लागली असं गल्लीत बोललं जायचं. त्या दाखल्याच्या मागे काय असेल असा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. मार्कांच्या बाबतीत मी हुशार होते.

माझी खोलीतली जोडीदारीण उदगीरची. तिच्या घरी धान्याची आडत, तिचा फोन माझ्या फोनपेक्षा बरा, आणि जीभ दोघींचीही तिखट. आमच्या क्लासात बाहेरून आणलेले सर होते. ते हिंदीत शिकवायचे आणि आम्ही उत्तर द्यायला उठलो की आमच्या बोलण्याची नक्कल करायचे. "हाव सर", "न्हाई सर" असं ते म्हणून दाखवायचे आणि अख्खा हॉल हसायचा. आम्हीही हसायचो, हे जास्त लागायचं. मार्कांप्रमाणे बसायच्या जागा. दर आठवड्याला यादी लागायची आणि खालच्या वीसजणांना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाठवायचे, जिथं फळ्यावरचं दिसायचं नाही. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. वर्षाची फी बापानं भरलेली असताना कोण बोलणार?

मग आम्ही दोघींनी एक पेज सुरू केलं. नाव सांगत नाही, आता ते नाहीही. तेव्हा मराठीत जे मीम यायचे ते सगळे पुण्याच्या भाषेत. आमची भाषा त्यात यायची ती फक्त येड्या माणसाच्या तोंडी. आम्ही ठरवलं, आपल्या पेजवर शहाणाही असंच बोलेल. सर "लई" म्हणतील, शास्त्रज्ञ "करून राहिलो" म्हणतील, डॉक्टर होणारी पोरगी "काय गं माय" म्हणेल. मागच्या शेडवर आम्ही एक चित्र केलं, त्यात त्या शेडचं उद्घाटन परग्रहावरच्या लोकांच्या हस्ते होतंय असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी शेडमधली पोरं मान ताठ करून बसली होती. एका चित्रानं एवढं होतं, हे मला फार नवीन होतं. नक्कल करणारे सर आठवडाभर चिडून होते आणि कुणाला धरावं ते त्यांना कळत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मला जीवशास्त्रापेक्षा जास्त आनंद त्या पेजनं दिला.

बारावीच्या वर्षी पावसानं दगा दिला. दिवाळीच्या आधीच ट्यूशन एरियात बोअर मारायची गाडी गल्लोगल्ली फिरायला लागली. आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ती एका दुपारी येऊन उभी राहिली आणि सुरू झाली. जमीन खरोखरच थरथरत होती. खिडकीच्या काचा, टेबलावरची पेनं, सगळं हललं. खाली वाटी पडली, पेला पडला, तांब्या गडगडत अंगणात गेला.

काकू अशा धावत बाहेर आल्या की त्यांची एक चप्पल उंबऱ्यातच राहिली. "भायर या, भायर या." बाकीच्या सहाजणी जिन्यावरून धडाधडा उतरल्या. मी वरच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढायला आले होते. कठड्यावरून खाली बघितलं, समोर बोअरची गाडी दिसली, आणि मला हसू फुटलं. हातात जोडीदारणीचा फोन होता. मी फोटो काढला. काकू थेट वर बघत होत्या, त्यामुळे चेहरा अगदी समोरून आला, उजेडही छान. असा चेहरा मागून मिळत नाही.

गाडी थांबली तशा खाली काकू मुलींना पाणी देत होत्या, बोअरवाल्याला शिव्या घालत होत्या. मी गॅलरीतल्या फरशीवर बसून त्या फोटोवर अक्षरं टाकत होते. वर लिहिलं, 'सर म्हणाले पेपर सोपा काढलाय'. खाली लिहिलं, 'भायर या'. जोडीदारीण वर येऊन बघते तर पोस्ट होऊन गेलेली. ती पोट धरून हसली. तिनं एकदाच विचारलं, "काकूला कळलं तर?" मी म्हटलं, "काकूकडं साधा फोन हाय. तिला कुठून कळतंय?"

किती सहज म्हटलं मी ते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते लोक आपल्या थट्टेच्या बाहेर राहतात असं मला वाटत नव्हतं, ते आपल्या थट्टेला सोयीचे असतात असंच वाटत होतं. सरांचा फोटो टाकायची आमची कधी हिंमत झाली नाही. सरांवरच्या प्रत्येक चित्रात आम्ही कार्टून वापरायचो, उगाच कुणी ओळखलं तर! खरा चेहरा आम्ही वापरला तो एकच, आणि तो आम्हाला पाणी पाजणाऱ्या बाईचा.

दोन दिवसांत ते चित्र नांदेडला पोचलं. चौथ्या दिवशी ते आमच्या पेजवरून आलंय हेही लोक विसरले. परभणीचा कुणी, देगलूरचा कुणी, प्रत्येकजण वरची ओळ पुसून आपली ओळ टाकायचा. खालचे दोन शब्द मात्र तसेच राहायचे. मेसमध्ये पोळ्या कच्च्या आल्या की कुणीतरी ओरडायचं, भायर या. क्लासात लाईट गेली, भायर या. ज्या बोलण्याची नक्कल व्हायची ते बोलणं आता पुण्याची पोरं कौतुकानं करत होती. आमची छाती फुगली होती.

आणि मग येळवस आली. वेळ अमावस्येला लातुरात कुणी घरात थांबत नाही. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळा गाव शेतात. कडब्याची खोप, ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, आंबील. आमच्या क्लासच्या बाहेरून आलेल्या संचालकांना यातलं काही माहीत नसावं. त्यांनी नेमकी त्या दिवशी मोठी परीक्षा ठेवली, आणि न येणाऱ्याचं नाव पालकांना कळवू असं फळ्यावर लिहिलं. आदल्या दिवशी आम्ही काकूंचं तेच चित्र पुन्हा टाकलं. वर फक्त एवढंच: 'उद्या दहा वाजता'.

दहाला पेपर वाटले. सव्वा दहाला शेडमधला एक जण उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "भायर या." पहिल्यांदा शेड रिकामं झालं, मग मधल्या रांगा, आणि शेवटी पहिल्या रांगेतली, ज्यांची मुंडकी फ्लेक्सवर जाणार हे नक्की होतं ती पोरंही उठली. कुणी घोषणा दिली नाही, बाक मोडला नाही. आम्ही जिना उतरलो आणि ज्याला जिथं शेत सापडलं तिथं गेलो. कुणाच्या तरी काकाच्या शेतात मी तुरीच्या ओळींत बसून भज्जी खाल्ली. त्या दिवसाइतकी मोकळी मी नंतर कधी झाले नाही. हे मी कबूल केलं नाही तर उरलेलं सगळं खोटं ठरेल. ते चित्र नसतं तर त्या हॉलमधून कुणीही उठलं नसतं. पुढच्या आठवड्यात मार्कांची यादी लावणं बंद झालं.

त्याच आठवड्यात काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. त्याच्या ऑफिसात कुणीतरी ते चित्र सगळ्यांना पाठवलं होतं आणि त्यालाही आलं होतं. काकू अंगणात फोन कानाला लावून उभ्या होत्या. मी जिन्यावर थांबले. त्या फक्त "हाव", "बरं", "न्हाई आता" एवढंच म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. मला वाटलं, आता सामान बाहेर. पण त्या आम्हाला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा कायतरी फोटो फिरून राहिलाय म्हनं. पोराची लई बेइज्जती झाली. कुनी काढला काय म्हाईत, गल्लीत बोअरवाले होते, ते असतील." जोडीदारणीनं माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. मग काकू म्हणाल्या, "पोरगा म्हनला, आता वरडायचं न्हाई."

आणि त्या ओरडेनाशा झाल्या. मनोरा तसाच रचला जायचा. टिप्पर जायचा, वाटी पडायची. काकू बाहेर जाऊन उभ्या राहायच्या, वर बघायच्या आणि परत आत यायच्या. आम्हाला तर बरंच वाटलं, अभ्यास मोडत नव्हता. मी स्वतःला समजावलं की एका जुन्या सवयीतून त्यांची सुटका झाली. स्वतःला समजावण्यात मी कधी कमी पडलेले नाही.

परीक्षेला दोनेक महिने उरले होते. सकाळची आठची वेळ. मी मेसमधून डबा घेऊन गल्लीत शिरत होते. एकाएकी डब्याचं झाकण हातात खडखडलं. वरच्या तारा झोके घेत होत्या. आसपास टिप्पर नव्हता, बोअरची गाडी नव्हती. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर आमच्याच क्लासची चार-पाच पोरं उभी होती, ती एकदम गप्प झाली.

काकू गल्लीत आल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. वर सहा मुली, कानात इअरफोनची बोंडं घालून वाचत बसलेल्या. काकूंनी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी टपरीवरच्या एका पोरानं फोन वर धरला. वाईट हेतूनं नव्हे, सवयीनं. समोर साक्षात ती बाई, त्याच गल्लीत, त्याच जागी. काकूंना तो फोन दिसला. त्यांनी पदराचा बोळा केला आणि तोंडावर दाबला. मग मी दिसले तशा माझा दंड धरून म्हणाल्या, "माय, तू मार गं हाक. वर पोरी हायत."

मी वर पाहिलं. मग टपरीकडे पाहिलं. फोन अजून वरच होता. मी हाक मारली नाही. उद्या माझा चेहरा, माझं उघडं तोंड, आणि खाली दोन शब्द. एवढा एकच विचार मी केला, आणि तो करण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात जमीन थांबली. काही झालं नाही. एक भांडंही फुटलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात सौम्य धक्का म्हणून चार ओळी आल्या.

काकू तिथंच पायरीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या.

"त्या रातीबी असंच झालं बघ. बारक्याला काखंत घेतलं आन अंगनात आले. पोरगी आत, आजीपाशी निजलेली. सात वर्साची. मालक बदलीच्या गावाला. सासरे ओसरीतून उठून समोर उभे. आमच्यात सासऱ्यापुढं सुनंनं वरडायची चाल न्हवती. माझा आवाज त्यांनी कवा ऐकलाच न्हवता. म्हनलं, ते मारतील हाक. ते भांबावलेले. म्या त्यांच्याकडं बघून राहिले, ते माझ्याकडं. चूळ भरायला लागतो तेवढा येळ. मग भिंत आली."

डब्याचं झाकण मी पुन्हा बसवलं.

"पोरगी हाकेची होती गं," त्या म्हणाल्या. "एका हाकंला उठायची. तवापासनं ठरवलं, आता लाजायचं न्हाई. लोक हसूदेत. कवाच लाजले न्हाई एवढी वर्सं. आता पुन्हा तीच लाज आली बघ, कुठून आली काय म्हाईत."

कुठून आली ते मला माहीत होतं. ती लाज मी आणली होती, जोडीदारणीच्या फोनवर, दुपारच्या उजेडात, कपडे काढता काढता. ते सांगायची वेळ तीच होती. शेजारी बसले होते, दोघींत वीतभर अंतर होतं. मी म्हणाले, "काही होत नाही काकू, चहा ठेवते." आणि उठले.

त्या संध्याकाळी मी पेज बंद केलं. जोडीदारीण माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, तिच्या दृष्टीनं मी आमच्या दोघींचं नाव पुसलं होतं. पण पुसलं काहीच गेलं नाही. हजारो फोनमध्ये काकू हात वर करून उभ्याच होत्या. परीक्षा झाली. माझं मुंडकं कुठल्याही फ्लेक्सवर गेलं नाही. खोली सोडताना काकूंनी मला शेंगाच्या चटणीची बरणी दिली आणि मी पाया पडून निघून आले.

पुढं मी नांदेडला एमएस्सी केलं आणि तिथल्याच एका क्लासात जीवशास्त्र शिकवायला लागले. होय, क्लासातच. पोरांची नक्कल करत नाही, एवढंच काय ते. गेल्या वर्षी प्रवेशाच्या हंगामात जाहिरातीचं काम बघणाऱ्यानं मीटिंगमध्ये नवीन फ्लेक्स दाखवला. काकू कात्रीनं कापाव्या तशा त्या गल्लीतून कापून काढलेल्या, मागे निळा रंग, आणि वर लिहिलेलं, 'अपयशाच्या भीतीतून भायर या! नवीन बॅच सोमवारपासून'. सगळे खूश. पोरांना आपलं वाटेल, म्हणाले. ज्या हॉलमधून त्या दोन शब्दांवर पोरं उठली होती, तसल्याच हॉलमध्ये पोरं भरायला आता तेच दोन शब्द कामाला लागले होते. संचालकांनी विचारलं, "कुणाचा आक्षेप येणार नाही ना? मॅडम, तुम्ही लातूरच्या. ही बाई कोण?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

फ्लेक्स चौकात लागला, दोन मजले उंच. मी रोज स्कूटीवरून त्याच्या खालून जायचे. बाराव्या की तेराव्या दिवशी मी गाडी बाजूला लावली आणि रडले, भर चौकात. तो रविवार होता. तशीच बसस्टँडवर गेले आणि लातूरची गाडी धरली. चाकूर मागे पडल्यावर परत फिरावंसं वाटलं, पण बस काही मधेच थांबणार नव्हती.

काकूंची पत्र्याची खोली तशीच होती. त्या थकल्या होत्या, गुडघे धरून उठल्या. "जळकोटची ना गं तू? मास्तराची?" त्यांनी चहा केला. चहा गार होईपर्यंत मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. मग सांगितलं. तो फोटो मी काढला, अक्षरं मी टाकली, फिरवला मी. बोअरवाल्यानं नाही. पायरीवर तुम्ही मला सगळं सांगितलंत तेव्हाही मी गप्प बसले. आणि परवापरवा तुमची ओळखही नाही म्हणाले.

काकूंनी माझा गार झालेला कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "दाव."

"काय?"

"फोटू. म्या कवा बघितलाच न्हाई. पोरगा म्हनला, बघू नको."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ आणला. "केस किती इस्कटलेत," त्या हळूच म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मग त्या चित्राकडे बघतच राहिल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. एखादा हिशेब चुकला की पडते तशी.

"हे वरनं काढलंय."

"हाव."

"त्या दिवशी म्या मोजल्या होत्या. सहाच भरल्या. एक कमी हाय, एक कमी हाय म्हनून म्या वर बघून वरडून राहिले होते." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर मी सुटले असते. "तुलाच हाका मारून राहिले होते की गं."

मी फोन परत घेतला आणि पालथा ठेवला.

"मग?" काकूंनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "आलीस का खाली?"

"न्हाई, काकू," मी म्हणाले. "आले नाही."